पोटाचा धंदा आणि मनाचे समाधान

माणूस नोकरीतून निवृत्त झाला की भेटेल तो त्याला विचारतो, "आता काय करता?" या प्रश्नाला काहीतरी उत्तर देता येते. पण दुसरा एक प्रश्न असतो, तो बाहेरचे कोणी विचारत नाही. दुपारची जेवणे आटोपतात, घर शांत होते, हाताला काम नसते. अशा वेळी तो माणूस स्वतःच स्वतःला विचारतो, "एवढी वर्षे जे केले ते बरोबर केले काय? हा धंदा न धरता दुसरा धरला असता, तर आयुष्य अधिक सुखाचे गेले असते काय?" आजच्या व्याख्यानाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

हा विषय एखाद्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाने मांडावा असे कोणी म्हणेल, आणि ते रास्तही होईल. मी कामगार संघटनेचा साधा कार्यकर्ता. शाळेचे शिक्षण थोडे; पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात. मात्र गेली पुष्कळ वर्षे निवृत्त होणाऱ्या माणसांचे कागद भरून देण्याचे काम माझ्याकडे आहे. प्रॉव्हिडंट फंडाचा अर्ज, ग्रॅच्युइटीचा अर्ज, पेन्शनचा अर्ज. अर्ज भरायला पंधरा मिनिटे लागतात. माणूस उठतो तासाभराने. त्या तासाभरात जे ऐकले, आणि मागाहून वाचनाने जे ताडून पाहिले, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

प्रथम भाषेकडेच पाहू. आपल्यात नोकरीविषयी बोलताना कोणी "मी ही नोकरी निवडली" असे म्हणत नाही. "मी अमक्या साली नोकरीला लागलो" असे म्हणतो. थोडा विनोदी माणूस असेल तर "चिकटलो" म्हणतो. धंदाही आपण "धरतो". बुडणारा माणूस हाताला लागेल ती फांदी धरतो, तसे हे धरणे. ती फांदी चिंचेची की आंब्याची, हे पाहायला त्याला सवड नसते. म्हणजे 'निवड' हा शब्द आपण वापरतो तो बहुतकरून निवृत्तीनंतर, मागे वळून पाहताना. ज्या वेळी ती करायची होती, त्या वेळी तो शब्द आपल्या तोंडी नव्हता.

मुंबईच्या गिरणगावाचा दाखला घ्या. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली आणि पुढच्या पन्नास-साठ वर्षांत कोकणातून व घाटावरून हजारो माणसे तेथे आली. ती कशी आली? गावचा कोणी आधी तिकडे होता म्हणून. खात्याच्या जॉबरशी ओळख निघाली म्हणून. घरची जमीन चार भावांना पुरत नव्हती म्हणून. आल्यावर पहिली कितीतरी वर्षे बदली कामगार म्हणून पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर काम, नसेल तर परत खोलीवर. कोणत्या खात्यात जायचे हेही त्याच्या हाती नसे. विणकामाच्या खात्यात पगार अधिक. परंतु तेथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना सवर्ण कामगार त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. ज्याला चांगल्या मजुरीचे खाते जन्मानेच बंद होते, त्याने म्हातारपणी "माझी निवड चुकली काय?" असे मनाशी घोळत बसावे, यात केवढा अन्याय आहे पाहा. निवड दुसऱ्यांनी केली, आणि पश्चात्ताप मात्र याने करायचा!

आता काळ बदलला आहे असे आपण म्हणाल. बदलला आहे खरा. पण परीक्षेत मार्क किती पडले, बापाला फी किती झेपली, गावापासून आय. टी. आय. किती लांब, त्या वर्षी कोणत्या कारखान्यात भरती चालू होती, यांवर आजही बहुतेकांचे ठरते. मुलींच्या बाबतीत तर लग्न कोणत्या गावी झाले यावर ठरते. तेव्हा माझे पहिले म्हणणे असे की, निवृत्त माणसाने निवडीचा हिशेब मांडताना त्या वेळी आपल्यापुढे खरोखरच किती वाटा होत्या ते आधी मोजावे. ज्या वाटा नव्हत्याच, त्या चुकल्याचे दुःख वाहू नये.

पण येथेच थांबलो तर "नशिबात होते ते झाले" एवढेच हाती राहील, आणि तेही खरे नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे गिरणीत स्टोअरकीपर होते. स्टोअरकीपरची नोकरी म्हणजे काही जगाला हलवून सोडणारी जागा नव्हे. सामान आले ते लिहायचे, गेले ते लिहायचे. पण त्या जागेवरून त्यांना गिरणीतले जे जिणे दिसले, त्यातून १८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आणि १८९० साली गिरण्यांना रविवारची सुटी मिळाली. आज आपण रविवारी दुपारी निवांत झोपतो ती सुटी. नोकरी त्यांनी फार विचार करून निवडली होती की नाही, हा प्रश्नच गौण ठरतो. लागलेल्या नोकरीत त्यांनी आपला वाटा निर्माण केला. 'वाटा' हा शब्द मी मुद्दाम वापरीत आहे. पुढे त्याच्याकडे यायचे आहे.

तत्पूर्वी काम माणसाला पगाराखेरीज काय देते ते समजून घेतले पाहिजे. ते कामावर असताना समजत नाही. काम सुटल्यावर समजते. याविषयीची एक फार मोलाची पाहणी परदेशात झाली आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्ना शहराजवळ मारियेनथाल नावाचे खेडे आहे. सारे खेडे एका कापडगिरणीवर जगत होते, आपल्या गिरणगावासारखेच. जगभरच्या मंदीच्या सुरुवातीस ती गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारा गाव बेकार झाला. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या तरुण संशोधकांनी तेथे जाऊन लोकांचे जिणे बारकाईने टिपले आणि १९३३ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले.

त्यांना वाटले होते की लोकांना रिकामा वेळ मिळाला आहे, तेव्हा ते वाचतील, सभांना जातील. झाले उलटेच. कामगारांच्या वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घसरले. पुरुषमंडळी रस्त्याने हळूहळू चालू लागली, थोड्याथोड्या अंतरावर उगाच थांबू लागली. पुष्कळांनी घड्याळ वापरणे सोडले. कारण वेळ पाहून जायचे कोठे? स्त्रिया मात्र भरभर चालत होत्या. गिरणी बंद झाली तरी चूल बंद झाली नव्हती. उलट कमी पैशांत घर चालवायचे म्हणून त्यांचे काम वाढले होते.

या पाहणीचा पुढे पुष्कळ वर्षे विचार करून याहोदाबाईंनी असे मांडले की पगाराखेरीज काम माणसाला पाच गोष्टी देते. दिवसाला घडी देते. घराबाहेरच्या माणसांची संगत देते. एकट्याला न होणाऱ्या मोठ्या कामात भाग देते. समाजात ओळख देते. आणि अंगाला व मनाला नेमाने कामात ठेवते. आता निवृत्त माणसाकडे या नजरेने पाहा. त्याला बेकार म्हणता येत नाही. त्याने आपली पाळी पुरी केली आहे. पण या पाचही गोष्टी एका संध्याकाळी, हारतुरे आणि नारळ घेऊन घरी येताच, त्याच्या हातून गेलेल्या असतात. मग मन खट्टू होते. आणि ते का खट्टू झाले हे न कळल्यामुळे तो म्हणतो, "माझी लाइनच चुकली." वस्तुतः लाइन चुकलेली नसते. जे हरवले त्याला नाव सापडलेले नसते.

आता 'वाटा' या शब्दाकडे येतो. माझ्या टेबलाशी बसलेल्या माणसांत समाधानाने बोलणारे कोण आणि कडवट बोलणारे कोण, याचा मी मनाशी बराच विचार केला आहे. मोठ्या पगाराचे ते समाधानी आणि छोट्या पगाराचे ते असमाधानी, अशी विभागणी होत नाही. एक टर्नर होते. लेथवर उभ्याने सारी नोकरी गेली. पायाच्या शिरा सुजलेल्या. पण पाती बोथट होऊ लागली की नुसत्या आवाजावरून सांगत. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुले आज निरनिराळ्या कारखान्यांत चांगल्या जागांवर आहेत. ते म्हणाले, "कागदावर मी मशीन ऑपरेटर. पण माझा हात कितीजणांच्या हातांत गेलाय, ते कुठल्या रकान्यात लिहू?" उलट चांगल्या पगाराच्या खुर्चीवर बसलेले एक गृहस्थ होते. साऱ्या नोकरीत वरून आलेला कागद खाली पाठवायचा आणि खालून आलेला वर पाठवायचा. कोणताच निर्णय त्यांचा नाही, कोणतेच काम पुरे झालेले डोळ्यांनी पाहिलेले नाही. ते म्हणाले, "एवढी वर्षे केले काय, असे नातवाने विचारले तर सांगता येत नाही."

दोघांतला फरक हा वाट्याचा फरक. ज्या कामात माणसाला शिकायला आणि शिकवायला मिळाले, सोबतीची माणसे मिळाली, केलेल्याचा कोणाला उपयोग झाला हे दिसले, आणि ते कसे करावे याविषयी दोन शब्द बोलण्याची मुभा मिळाली, त्या कामातून समाधान शिल्लक राहते. काम धरले कसे यापेक्षा कामात वाटा किती मिळाला, यावर म्हातारपणीचे मन अवलंबून असते.

यावर कोणी म्हणेल, "मग सोपे आहे. प्रत्येकाने आपल्या कामावर प्रेम करावे म्हणजे झाले." हा उपदेश फार गोड आहे आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. गटारात उतरणाऱ्या माणसाला आपण हा उपदेश करणार काय? मैला हाताने वाहण्याच्या कामाविरुद्ध या देशात १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला, तरी माणसे गटारात आणि टाक्यांत गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. त्या कामात समाधान शोधा असे सांगणे म्हणजे जखमेला अत्तर लावणे होय. काही कामे अशी असतात की त्यांतून माणूस बाहेर काढणे आणि ते काम यंत्राकडे देणे, हाच धर्म. तेव्हा समाधान हा ज्याच्या त्याच्या स्वभावाचा प्रश्न आहे असे म्हणून मालकाला, सरकारला आणि समाजाला हात झटकता येणार नाहीत.

पैशाचेही तसेच. रिकाम्या पोटी समाधानाचा विचार होत नाही. म्हातारपणी कामकऱ्याला हक्काने पैसा मिळावा ही कल्पना फार जुनी नाही. जर्मनीत १८८९ साली कामगारांच्या पेन्शनचा कायदा झाला. त्यात वय सत्तरीचे होते, ते १९१६ साली पासष्टवर आणले. आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ साली झाला, ग्रॅच्युइटीचा १९७२ साली, आणि खाजगी कारखान्यांतील कामगारांची पेन्शन योजना १९९५ साली आली. ग्रॅच्युइटीचा हिशेब पुष्कळांना ठाऊक नसतो म्हणून सांगतो. कायद्याने हिशेबात धरलेला शेवटचा मासिक पगार, त्याला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचे. पगार २०,००० रुपये आणि नोकरी ३० वर्षे असेल तर सुमारे ३,४६,१५४ रुपये होतात. म्हणजे वर्षभराच्या राबण्यामागे पंधरा दिवसांचा पगार. पेन्शनचे सूत्र वेगळे: हिशेबात धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. हिशेबात धरायच्या पगाराची मर्यादा २०१४ साली १५,००० रुपये केली, आणि पेन्शन किमान १,००० रुपये असावे असेही त्याच वर्षी ठरले. महिन्याचे हजार रुपये! एवढ्यात औषधाची बाटली येईल की घरचा किराणा, हे आपणच ठरवा. आणि साठीनंतर पंधरा-वीस वर्षे जगणारी माणसे आज घरोघर आहेत.

आणखी दोन प्रकारच्या माणसांविषयी बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पहिली, ज्यांना निवृत्तीच मिळाली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हजारो कामगार पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. पुढे गिरण्याही एकामागून एक बंद झाल्या. ऐन चाळिशीतला विणकर रखवालदार झाला, भाजीची गाडी लावू लागला, गावी परतला. निरोपाचा समारंभ नाही, नारळ नाही, शेवटची पाळी कोणती हेही ठाऊक नाही. मारियेनथालच्या स्त्रियांप्रमाणे गिरणगावच्या स्त्रियांनीही पोळीभाजीचे डबे करून, लोकांकडची कामे करून घरे उभी ठेवली. आज कंत्राटी कामगारांची तीच गत होत आहे. दर वर्षी नवा ठेकेदार, दर वर्षी नवे नाव-नोंदणीचे कार्ड. वीस वर्षे एकाच मशीनवर काम करून कागदोपत्री त्याची सलग नोकरी नाहीच. मागे वळून पाहायला सुद्धा माणसाला एक सलग रस्ता लागतो. याचा रस्ता दर अकरा महिन्यांनी तोडलेला असतो.

दुसऱ्या, घरातल्या स्त्रिया. नवरा निवृत्त होतो तेव्हा घरातली बाई निवृत्त होत नाही. उलट दिवसभर घरी बसलेल्या नवऱ्याच्या दोन चहांची भर पडते. तिला समाधान आहे काय, तिच्या मनात कोणता धंदा धरायचा होता, हे विचारण्याची रीत आपल्यात नाही. निवृत्त पुरुषाने नवा काही उद्योग शोधायचा असेल तर पहिला उद्योग स्वयंपाकघरात आहे, एवढे मी येथे बसलेल्या मंडळींना नम्रपणे सुचवितो. माताभगिनींनी टाळ्या वाजविण्याची घाई करू नये. अजून त्यांनी मनावर घ्यायचे आहे.

मग करावे काय? काही साध्या गोष्टी सांगतो. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षे आधीपासून दिवसाची दुसरी घडी बसवायला लागावे. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. आपल्या हाताला जे येते ते कोणाला तरी शिकवावे. फिटर असेल त्याने पोरांना फाईल धरायला शिकवावी, कारकून असेल त्याने चाळीतल्या म्हाताऱ्यांचे अर्ज भरून द्यावेत. आपल्या कामाची हकीकत एका वहीत लिहून ठेवावी: कोणते मशीन, कोणते सोबती, कोणता संप, कोणता अपघात. साहेबांच्या आठवणी छापल्या जातात. कामकऱ्यांच्या आठवणी त्यांच्याबरोबर जातात, आणि मग नातवाला वाटते की आजोबांनी काहीच केले नाही. संघटनांनीही निवृत्त सभासदाचे नाव यादीतून खोडण्याऐवजी वेगळ्या यादीत लिहावे. त्याच्या अनुभवाची नव्या पोरांना गरज आहे. पगाराच्या मागण्यांच्या बरोबरीने काम कसे चालावे यात कामगाराचे म्हणणे असावे, ही मागणीही लावून धरावी. म्हातारपणीचे समाधान मिळवायचे तर त्याची तरतूद ऐन उमेदीत, कामाच्या जागीच व्हावी लागते.

आणि ज्या मुलामुलींनी अजून धंदा धरायचा आहे त्यांना एवढेच सांगेन की, पगाराचा आकडा जरूर विचारा. त्यात लाज नाही. पण त्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारा. या कामात माझा हात काही शिकेल काय? सोबतीला माणसे असतील काय? केलेल्याचा कोणाला उपयोग होईल काय? आणि या कामातून एके दिवशी सन्मानाने, हक्काचे कागद हाती घेऊन बाहेर पडता येईल काय? चारही उत्तरे होकारार्थी मिळतील असे नाही. मिळाली नाहीत तर ती मिळवण्यासाठी चारचौघांबरोबर उभे राहणे, हाही त्या नोकरीतलाच एक धंदा आहे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली, ती सर्वांनी ज्ञान ऐकावे म्हणून. गावोगावच्या व्याख्यानमालांत आज पुढच्या रांगा निवृत्त मंडळींनी भरलेल्या असतात. त्यावरून काही लोक थट्टा करतात. मला त्यात थट्टेसारखे काही दिसत नाही. मारियेनथालचे वाचनालय ओस पडले होते. आपल्या रांगा भरलेल्या आहेत. आता एवढेच व्हावे की या रांगांतून ऐकणाऱ्यांपैकी काहीजणांनी पुढच्या वर्षी येथे उभे राहून आपापल्या धंद्याविषयी बोलावे. ते ऐकायला मी खाली बसेन.